न आलेल्याची खुर्ची

सदाशिवराव वाठोडकरांची आणि माझी ओळख एका खुर्चीमुळे झाली, आणि तीही माझ्या चुकीने. नागपूरला जंगलखात्याच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, त्या सकाळी त्यांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर मी बेधडक बसलो. ते हेडक्लार्क. रागावले नाहीत. "उठा देशकर, तिथं कोणी आहे," एवढंच म्हणाले. खोलीत आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं.

ती खुर्ची न आलेल्याची होती. जंगलतोडीचा पट्टा मिळावा म्हणून ठेकेदार, मालगुजार आणि त्यांचे वकील रदबदलीला येत. तोवर असली बोलणी साहेबांच्या बंगल्यावर, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर भेट म्हणून पाठवलेल्या फळांच्या डालीसोबत होत. सदाशिवरावांनी ही रीत मोडली. ज्याला काही सांगायचं असेल त्याने कचेरीत यावं, पुस्तकात नाव नि काम लिहावं, आणि ज्या गावाचं नुकसान व्हायचं त्या गावचा माणूस समोर बसला आहे असं धरून त्या खुर्चीकडे तोंड करून बोलावं. लोक त्यांना 'भुताचे हेडक्लार्क' म्हणत. मीही म्हणत असे. पण त्या खुर्चीपुढे भल्याभल्यांचा आवाज खाली येई. कोणीच बसत नसताना तिचा वेत मधोमध खोल होत चालला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता स्वतःबद्दल सांगणं भाग आहे. गौरवलेखात ते शोभत नाही, पण त्याशिवाय सदाशिवराव कळायचे नाहीत.

पारशिवनीकडच्या एका जंगलासाठी एका ठेकेदाराने माझ्या घरी डाली पाठवली. संत्री, बदाम, पत्नीला लुगडं. मागणं क्षुल्लक होतं: तिथल्या गावाचा हरकतीचा अर्ज मुदत संपेपर्यंत फाइलींच्या तळाशी राहावा. मी तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आले. "गाववाल्यांची कायची हरकत? कोणी आलं काय?" असं म्हणत थट्टेने त्याच खुर्चीत बसले. "घ्या, आता मलेच विचारा!"

थंडीचे दिवस, खिडकी बंद. त्यांचं हसू मावळलं. हळूच उठून त्यांनी आसनावर तळवा ठेवला. "हे गरम काहून आहे? आत्ता कोण बसून होतं इथं?"

सदाशिवरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. मी अर्ज तळातून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

नोकरी गेलीच असं मी धरून चाललो. घरात कमावणारा मी एकटा. त्यांनी मला पुस्तकात माझंच नाव लिहायला लावलं: कोणी काय पाठवलं, त्यापायी मी काय केलं. खाली स्वतः लिहिलं, 'देशकरांना कामावर ठेवावे अशी रदबदली करण्यास आलो', आणि सही केली. मग त्या रिकाम्या खुर्चीपुढे उभं राहून माझी बाजू मांडली, आणि त्यानंतरच साहेबांकडे गेले. माझी नोकरी राहिली. ते उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

डाली मी लुगड्यासकट परत केली. पुढे सुनावणीला त्या गावचे अर्जदार आले. थकलेले म्हातारबा, जन्मात नागपूर न पाहिलेले. आत येताच कोणी न सांगता ते खिडकीजवळ गेले आणि बसले. वेतातला खळगा त्यांना मापाने बेतल्यासारखा होता.

"बाबा, आधी आले होते काय?" मी विचारलं.

"पायानं नाही आलो गा. दुपारी मोहाच्या झाडाखाली डोळा लागला का इथंच बसून राहतो. तू अर्ज खाली दाबला, ते दिसलं मले."

पट्टा नामंजूर झाला. त्या दिवसापासून मी सदाशिवरावांना भुताचे हेडक्लार्क म्हटलेलं नाही.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची जागा मी चालवतो. खुर्ची माझ्या खोलीत आहे. परवा सकाळी सवयीने तिला हात लावला, तर रोज उबदार लागणारी ती गार! सगळ्या फाइली उपसल्या. एक अर्ज तळाशी गेला होता, या वेळी निव्वळ माझ्या हयगयीने. तो वर काढून खुर्चीपुढे मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे वेत पुन्हा उबदार लागला.

सदाशिवरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी स्वार्थाने मागतो आहे. त्यांच्या नजरेची आम्हाला अजून गरज आहे. सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवावी, असं त्यांनी कळवलं आहे. गर्दी कितीही झाली तरी कृपा करून तिच्यावर बसू नये. तिथं कोणी असेल.