सीटखालचा नारळ

तपासणीच्या पट्टीवर काय दिसलं एवढंच मी सांगायचं होतं. मी निकाल देऊन बसलो. चूक माझी, आणि ती शेवटपर्यंत वाहिली पांडूअण्णांनी. अण्णा आता नाहीत, म्हणून निदान ते कसे होते हे लिहून ठेवतो.

अण्णा दिग्गी गावचे. दिग्गी ते रामनगर जीप चालवायचे आणि सीटखाली कायम एक नारळ ठेवायचे. कुणावर खोटा आळ घेतला, तर देवाला साक्ष ठेवून त्या माणसाच्या पायाशी नारळ ठेवायचा आणि माफी मागायची, अशी त्यांच्याकडची रीत. "माणूस कुटंबी चुकतो, दुकान लांब असतंय," ते म्हणायचे. एकदा कोंबडीने जीप घाण केली म्हणून ते एका म्हातारीवर ओरडले. कोंबडी निघाली दुसरीचीच. अण्णांनी भर जंगलात जीप थांबवून नारळ काढला. म्हातारी म्हणाली, "मला ह्यो एक बास झाला. आता त्या कोंबडीवालीकडनं दोन घे, मेल्या!" सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले.

मी रामनगरात एका लहान लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो. अण्णा मला 'डाक्टर' म्हणत. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांचा एकुलता मुलगा महेश गोव्यातली हॉटेलातली नोकरी सोडून परतला आणि जीप चालवू लागला. एके सकाळी अण्णा त्याला दंडाला धरून लॅबमध्ये घेऊन आले.

"डाक्टर, ह्यो कायतरी वडतोय. डोळं बगा त्येचं. काल भिताडाशी बोलत हुता. तपासून सांगा, न्हाईतर मी किल्ली काडून घेतो."

"बा, गांजाला मी हात बी लावलेला न्हाई," महेश म्हणाला. ते खरंच होतं.

मी लघवीत पट्टी बुडवली. गांजा दिसला नाही. बाकावर बसलेल्या लोकांकडे बघत मी हसलो. "अण्णा, पोरगा स्वच्छ आहे. उगाच संशय घेता. माफी मागा आता त्याची!"

अण्णा जीपकडे गेले. नारळ आणून त्यांनी लेकाच्या पायाशी ठेवला. "चुकलं बाबा माजं. परत इचारणार न्हाई."

महेशने मान खाली घातली. किल्ली त्याच्याकडेच राहिली.

अण्णा शब्दाला जागले, त्यांनी परत विचारलं नाही. पुढे काही महिन्यांनी महेशला जीप चालवतानाच झटके आले आणि जीप वळणावरून खाली गेली. जीपमध्ये तो एकटाच होता; लोकांनी बाहेर काढलं तेव्हाही झटके चालूच होते, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. खिशात रंगीत पाकिटातला वाळका पाला सापडला.

बेळगावच्या एका डॉक्टरांनी मला समजावलं. त्या पाल्यावर कारखान्यात बनवलेलं रसायन फवारलेलं असतं. मेंदूत ते गांजाच्याच जागी जाऊन बसतं, पण कितीतरी जास्त जोराने. यकृत ते मोडतं, आणि लघवीत मूळ रसायन जवळजवळ सापडतच नाही, उतरतात ते त्याचे तुकडे. माझी पट्टी फक्त गांजा मोडल्यावर उरणारा तुकडा ओळखते. हे तुकडे निराळे, तिच्या ओळखीचे नव्हेत. शिवाय त्यातल्या काही तुकड्यांतही मूळचा जोर शिल्लक असतो. शरीर आपल्या परीने विष मोडतं, आणि मोडलेलं विषही डोक्यात काम करत राहतं.

म्हणजे पट्टी खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर तिने दिलं. 'पोरगा स्वच्छ आहे' हे मी पदरचं घातलं होतं.

हे कळल्यावरही मी दिग्गीला गेलो नाही. तिथलं कुणी लॅबमध्ये आलं, तर मान वर करत नसे. अण्णांनी अंथरूण धरल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे निघालो.

ते ओसरीवर पडून होते. चार शेजारी बसलेले होते. बरंच झालं, मीही चारचौघांतच हसलो होतो. मी त्यांच्या पायाशी नारळ ठेवला. अण्णा कष्टाने उठून बसले, नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं.

"रामनगरात बी दुकान लांब असतंय व्हय, डाक्टर?"

"मी डॉक्टर नाही, अण्णा," मी म्हणालो. "तुमचा संशय खरा होता, खोटा आळ मीच तुमच्यावर घेतला. महेशच्या पायाशी तुम्ही ठेवलात, तो नारळ मी तुमच्या पायाशी ठेवायला हवा होता. मी चुकलो."