मामाच्या शेतातल्या शेंगा

माझी मुलगी काय खाते हे सांगायला एका हाताची बोटं पुरत. दहीभात, बटाटा, बिस्किटं. काय खात नाही ते सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. तिच्या मामाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, याचं भारी दुःख. तो उमरेडच्या पुढे शेती करतो. भाची जन्मली तेव्हापासून त्याचं एकच टुमणं होतं, की माझ्या शेतातलं काहीतरी या पोरीच्या पोटात गेलं पाहिजे. त्याला स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे मला ते कधी हसण्यावारी नेता आलं नाही.

त्याने हुरडा आणला, बोरं आणली, सीताफळं आणली. एका हिवाळ्यात वहिनीने तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून, एकेक सोलून तिच्यापुढे ठेवल्या. पोरीने दरवेळी नाक मुरडलं. "जाऊ दे वं," भाऊ म्हणायचा आणि वाटी आपल्याकडे ओढायचा. पण चेहरा पडायचा तो पडायचाच.

नवरा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही वाढदिवसाला गेलो होतो. तिथे समोर एक मोठं भांडं आलं, आत उकडलेल्या हिरव्या शेंगा, वर जाडं मीठ. घरची बाई म्हणाली, हे एडामामे. आमच्या पोरीने दुसऱ्या मुलांचं पाहून एक शेंग ओठांत धरली, दाबली, दाणे आत आणि सालपट बाहेर. मग दुसरी. मग शेजारच्या मुलाच्या वाटीतली. मी बघतच राहिले. शेंगेवरची लव ओळखीची वाटली म्हणून एक सोलून पाहिली. अगं बाई, हे तर सोयाबीन!

लहानपणी मी सोयाबीनच्या वावरातून शाळेत जायची. पण सोयाबीन म्हणजे वाळवायचं, मळायचं आणि पोती भरून मार्केटात न्यायचं. हरभरा आम्ही उभ्या वावरात बसून खाल्ला, भुईमूग उपटून खाल्ला. सोयाबीनची कोवळी शेंग तोंडात घालावी असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसेल.

त्यानंतर आमच्या फ्रीजरमध्ये त्या शेंगांचं पाकीट कायमचं आलं. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मीठ, वर लिंबू, झालं. मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर ते हे, की काही चिरायचं नाही, फोडणी नाही, कढई घासायची नाही. पोरगी शाळेतून आली की आम्ही मधे एक परात ठेवून बसायचो आणि सालपटांचा ढीग करायचो. वर्षभर प्रथिनं, प्रथिनं करणारे डॉक्टरही गप्प झाले.

मी भावाला फोन केला. पेरणी होऊन तेव्हा काही दिवसच झाले होते.

"दादा, तुझी भाची सोयाबीन खाते."

"गंमत करून राहिली का वं?"

"खरंच. हिरव्या शेंगा. मिठात उकडून."

त्याने विचारलं, "दाणा भरल्यावर, पण पिवळं पडायच्या आधी तोडत असन ना?"

"असंच असेल."

"हौ," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. निरोपबिरोप घेण्याची त्याला सवय नाही.

गणपती उठल्यावर तो ताडपत्री घ्यायला इतवारीच्या बाजारात आला होता. परत जाताना प्रताप नगरला आमच्याकडे वळला, पण आम्ही घरी नव्हतो. वॉचमनजवळ एक पिशवी ठेवून गेला. मी ती ओट्यावर उघडली. देठांसकट हिरव्या शेंगा, मातीचे कण, एखाददुसरं पान. आणि पहिली गोष्ट डोक्यात आली ती फवारणी.

फवारणीच्या दिवसांत आमची आई बाबांना आंघोळीशिवाय घरात येऊ देत नसे. त्यांचे कपडे वेगळे धुवायची. तरी त्यांच्या हाताला तो वास यायचा आणि त्यांच्या ताटाशेजारी बसून मला जेवण जात नसे. सोयाबीनवर पेरल्यापासून काढेपर्यंत काय काय मारतात, हे मला कुणी शिकवायला नको. पाकिटातल्या शेंगांवर काय मारलं होतं ते मी कधीच विचारलं नव्हतं, पण ते तेव्हा सुचलं नाही. पिशवी ओल्या कचऱ्यात गेली आणि सकाळी कचरागाडीत.

संध्याकाळी भावाचा फोन. "खाल्ल्या का वं पोरीनं?"

"खाल्ल्या की. वाटीभर."

"अवं, ऐकलं का?" तो तिकडे वहिनीवर ओरडला. "खाल्ल्या पोरीनं!" मागे वहिनी हसली, काहीतरी बोलली, पुन्हा हसली. मला माझीच लाज वाटली. फोन ठेवून मी कणिक मळायला घेतली.

रविवारी तो स्वतःच दुसरी पिशवी घेऊन दारात उभा. आता त्याच्यादेखत फेकता येईना. मी शेंगा तीन पाण्यांतून धुतल्या, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, परत धुतल्या आणि गरजेपेक्षा जास्तच उकडल्या. आम्ही सगळे परातीभोवती बसलो. पोरीने एक शेंग दाबली. या शेंगा पाकिटातल्यांपेक्षा बारीक होत्या. तिने दुसरी घेतली, मग तिसरी. भाऊ एकही खात नव्हता, नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता. इतका खुश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"मामा, ह्या गोड आहेत," ती तोंडात दाणे असतानाच म्हणाली. "तू याच्या आधी काहून नाही आणल्या?"

भावाचा हात परातीच्या काठावर होता, तो तिथेच राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"विसरलो होतो वं माय," तो तिला म्हणाला. "खाय, अजून आहेत."

तो निघाला तेव्हा मी त्याच्यासोबत खाली गेले. जिन्यात शब्द जुळवत होते, पण गाडीजवळ पोचेपर्यंत एकही धड जुळला नाही.

"दादा, मी त्या..."

"फवारल्या असतीन असं वाटलं ना तुले?"

मी मान हलवली.

"लेकराची माय आहेस, वाटनच. पण एक डाव विचारायचं होतं." त्याने खिशातल्या दोरीच्या तुकड्याने हँडलला रिकामी पिशवी बांधली. "वावराच्या कडेच्या, धुऱ्याकडच्या चार ओळी मी तुझ्या फोनपासून सोडून देल्या होत्या. एक थेंब पडू नाही देला त्याच्यावर. तुझी वहिनी रोज सकाळी वावरात बसून हातानं अळ्या वेचे."

मी म्हणाले, "दादा, चुकलं माझं." त्याने ते ऐकलं की नाही कळलं नाही. गाडी चालू केली, थोडी पुढे नेली, आणि पाय टेकवून थांबला.

"वहिनीले मात्र सांगू नको हं," तो म्हणाला. "भाचीनं वाटीभर खाल्ल्या म्हणून थे गावभर सांगत फिरून राहिली."