काठापर्यंत गेलेला धागा

अमेरिकेहून परत निघायला आठ दिवस उरले तेव्हा श्री म्हणाला, "आई, चल, तुला कॅन्यन दाखवतो." कॅन्यन म्हणजे नदीनं कापलेली खोल दरी. सुनेला दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही मायलेकच ॲन आर्बरहून निघालो. मला हुरूप आला तो दरीचा नव्हे. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या श्रीला नऊ वर्षं झाली होती. घरी कधी येतोस, एवढंच विचारायला मी इतक्या लांब आले होते आणि सहा महिन्यांत ते तोंडातून निघालं नव्हतं. गाडीत विचारू, असं ठरवलं.

तीन दिवस गाडी चालली. आधी मक्याची शेतं, मग गवत, मग नुसती तांबडी माती. रोज सकाळी वाटायचं, आज विचारायचंच. आणि विचारायचे काय, तर "चहा ओतू का रे?"

चिनली गावात मला दिसलं ते पेट्रोल पंप, दुकान, शाळा आणि वारा. हा नवाहो लोकांचा मुलूख. ते इथले मूळचे. गावापलीकडे जमीन एकदम संपते. काठावरून खाली बघितलं तर लाल कड्यांच्या तळाशी बारीक नदी, मक्याचे वाफे आणि पीचची झाडं. आम्ही पायवाटेनं सावकाश उतरलो. नवाहोंच्याही आधीच्या माणसांनी कड्याच्या कपारीत घरं बांधली होती. ती कुंपणाबाहेरूनच बघायची. शेजारच्या खडकावर पांढऱ्या रंगात हाताचे पंजे उमटवलेले. एक पंजा अगदी लहान होता, पण उंचावर. कुणीतरी त्या लेकराला कडेवर घेऊन उचललं असेल. मी तिथेच उभी राहिले. श्री पुढे गेला होता.

परतताना गाडीतून वाफा निघू लागल्या. "हीट झाली. वेट करावं लागेल," श्री म्हणाला. रस्त्याकडेला एक होगन (लाकूडमातीचं गोल घर) होतं, पूर्वेला दार असलेलं. फांद्यांच्या मांडवाखाली एक म्हातारी मागावर बसून गालिचा विणत होती. ती आपल्या भाषेत काही बोलली. तिच्या लेकीनं ते इंग्रजीत सांगितलं आणि श्री हसत मला म्हणाला, "विचारतायत, तुझा मुलगा गाडी चालवतो की पाणी उकळतो?"

त्यांनी हाताएवढी मोठी, गरम पुरी दिली. मी पिशवीतलं लिंबाचं लोणचं काढलं. म्हातारीनं चाखलं, डोळे मिटले आणि पुन्हा हात पुढे केला.

मी घरी गोधड्या शिवते, त्यामुळे माझी नजर विणीवरच. एक पांढरा धागा नक्षी सोडून थेट काठापर्यंत गेला होता. चुकलं वाटतं, म्हणून मी धीर करून त्यावर बोट ठेवलं. म्हातारी खळखळून हसली.

"चूक नाही, आई," लेकीचं ऐकून श्री म्हणाला. "मुद्दाम ठेवतात. विणताना मन त्यात गुंतून पडतं. त्याला बाहेर यायला ही वाट."

मग म्हातारीनं श्रीकडे बोट करून काही विचारलं. लेकीच्या इंग्रजीतलं 'होम' एवढंच मला कळलं. श्रीनं खाली बघत उत्तर दिलं. ते ऐकून म्हातारीनं माझ्याकडे बघून मान हलवली, रागावल्यासारखी. माझं काय चुकलं कळेना. श्री उठून गाडीत पाणी घालायला गेला.

परतीचे तीन दिवसही मी चहाच ओतत राहिले.

विमानतळावर रांगेत उभी असताना मी विचारलं, "त्या आजी काय म्हणाल्या होत्या रे?"

"तू घरी कधी जाणार, असं मला विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

तो माझ्या पिशवीचा बंद नीट करत राहिला. "म्हटलं, आईनं कधी विचारलं नाही."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात रांग पुढे सरकली. काचेपलीकडे तो हात वर करून उभा होता.

कऱ्हाडला येऊन आज बारा दिवस झाले. शेजारणी अमेरिकेचं विचारतात, मी दरीचं सांगते. त्या म्हातारीचं रागावणं कुणाला सांगितलेलं नाही. मी वाट बघत होते आणि तोही बघत होता, हे तिला एका दुपारी कळलं.

सकाळी श्रीला विमानडाकेचं निळं पत्र लिहिलं. सुखरूप पोचले, पाऊस बरा आहे, लोणचं घातलंय. काठाला बोटभर जागा उरली. तिथे आडवं लिहिलं, "श्री, तू घरी कधी येतोस?"

आणि पुन्हा न वाचता चिकटवून टाकलं.