वर्षाराणीची तालीम

चाळीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपनीत तोंडाला रंग लावून उभी राहिले. आता पाटोद्यात राहते आणि शेजारच्या सत्यशीलाची मावशी आहे. नात्यानं नव्हे, तिनं तशी हाक मारली म्हणून.

सत्यशीला आणि तिचा नवरा बंकट दसरा झाला की ऊसतोडीच्या ट्रकात बसतात, ते उन्हाळ्यातच परततात. त्यांची वर्षाराणी सात वर्षांची. तुम्ही जे बोलाल तेच ती तुमच्याच आवाजात परत करते. ट्रॅक्टर सुरू झाला की कान दाबून भिंतीवर डोकं आपटते. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "बीडला एका दवाखान्यात तपासतील, मग तिथल्या केंद्रात घेतील. अशा मुलांना शिकवतात तिथं, राहायचीही सोय आहे." तारीख मिळाली ती नेमकी ट्रक सुटायच्या आदल्या दिवसाची.

सत्यशीला धावतच माझ्याकडे आली. "मावशी, पोरीची परीक्षा हाय. चांगली बोलली तर घेत्याल. तुमी शिकवा की तिला!"

मला कोण आनंद! आठ दिवस तालीम चालली. नमस्कार कसा करायचा, नाव सांगून कुठं थांबायचं. डोळ्यांत बघणं तिला सोसवेना, म्हणून आमची रंगमंचावरची युक्ती दिली: समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघ. पोरीनं माझे हेलसुद्धा उचलले. सत्यशीला दारात उभी राहून पदराआड हसायची.

दवाखान्यात तिनं प्रयोग गाजवला. "नमस्कार. माझे नाव वर्षाराणी. आपणास भेटून आनंद झाला." डॉक्टर तरुण, बाहेर ही रांग. त्यांनी विचारलं, "घरी कशी वागते?"

"लई शहाणी हाय. कायबी तक्रार न्हाई," सत्यशीला म्हणाली.

तूर्त लक्षणं दिसत नाहीत, असा कागद मिळाला. पहिला नंबर आल्यासारख्या आम्ही तो घेऊन केंद्रात गेलो.

तिथल्या बाईंनी तो वाचला. "आजी, इथं स्वमग्न मुलांनाच घेतात. यात लिहिलंय, मुलीला काही नाही."

"मंग चांगलंच हाय की," सत्यशीला म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हंजे... येत न्हाई म्हणलं असतं, तर घेतलं असतं?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

परत दवाखाना गाठला. डॉक्टरांपुढे मी हात जोडले. "साहेब, ते सगळे संवाद माझे होते." ते रागावले नाहीत. "मग पूर्ण तपासणी करू. आईला जन्मापासूनचं सगळं विचारावं लागेल. तीन आठवड्यांनी या."

घरी बंकट खाली मान घालून बसला. "कोयता म्हंजे नवरा-बायको. एकट्याला मुकादम कशाला नेईल? शब्द दिलाय त्याला."

"मी ऱ्हाते इथंच," सत्यशीला म्हणाली.

"ऱ्हा की. आन् वरीसभर काय खायाचं?"

"पोरीला माझ्याकडे ठेवा," मी म्हणाले. "तारखेला मी नेते."

"तुमच्या हातचं खाईल का ती, मावशी?"

आईशिवाय कुणाच्याच हातचा घास ती घेत नव्हती. पोर राहायची तर आई हवी, आणि आई राहिली की कोयता मोडला. नाटकात असा पेच पडला की पडद्यामागून कुणीतरी यायचं. इथं कोण येणार?

पोर त्यांच्याबरोबरच निघाली होती; तारखेला डॉक्टरांपुढे निदान तिची हकीकत तरी ठेवावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. सत्यशीला बोचकी बांधता बांधता सांगत होती, मी लिहीत होते. पोर कधी बसली, कधी चालली. बोट दाखवून कधी काही मागितलं नाही. हाक मारली तर वळून बघितलं नाही. अजून निम्मं राहिलं होतं, तोच ट्रकचा हॉर्न वाजला. वर्षाराणी किंचाळायला लागली. बंकटनं तिला खांद्यावर टाकून वर चढवलं.

सत्यशीला तेवढ्यात माघारी आली. वहीवर बोट ठेवून म्हणाली, "आजून एक लिहा, मावशी. आईनं काय झाकलं न्हाई म्हणावं. आईला वाटलं, परीक्षा हाय."

ट्रक हलला तेव्हा मी तेच लिहीत होते.