बाईंच्या हातातला खडू

शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात शिपाईमामांची सव्वीस वर्षं गेली होती. कोणती नळी नुसत्या पाण्याने निघते आणि कोणती जीव खाते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

रसायनशास्त्राच्या नव्या बाईंनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं: ‘आयनिक संयुगे पाण्यात विरघळतात, सहसंयुज विरघळत नाहीत.’ आयनिक मीठ विरघळलं, सहसंयुज मेण तरंगलं, मुलांनी माना डोलावल्या.

मामांना राहवेना. त्यांनी स्वतःच्या चहाच्या डब्यातली चमचाभर साखर पाण्यात ढवळली. ती दिसेनाशी झाली.

“बाई, ही सहसंयुजच ना?”

बाई ओशाळल्या, मग हसल्या. “खरंच की! साखरेच्या रेणूंचं पाण्याशी छान जमतं, मेणाचं जमत नाही. पण मामा, माझं अर्धं वाक्य तरी शाबूत आहे!”

बेसिनच्या जाळीत अडकलेले खडू इतकी वर्षं मामांनीच उपसले होते. त्यांनी बाईंच्या हातातला खडू अलगद घेऊन पाण्यात सोडला.

“हा तर आयनिक ना?”

तास संपत आला तरी खडू तळाशी ढिम्म बसून होता.

बाईंनी नवा खडू उचलला आणि दोन्ही नियमांच्या आधी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘बहुतेक’.