दवबिंदूच्या परातीतलं पाणी

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण आत ठेवून जड झालंय.

केज तालुक्यात युसूफ वडगावजवळ आमचं गाव. गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. बायको सुनंदा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पुण्याहून दवबिंदूची रोपं आणली होती – पानांवर चिकट थेंब, माशी बसली की पान हळूहळू तिच्यावर वळतं. गुलाबी फुलंही यायची. कुंड्या खिडकीत, पाण्याच्या परातीत. या झाडांना क्षाराचं पाणी चालत नाही, मरतात. आणि दुष्काळात आमच्याकडे टँकरचं पाणी, तेही मचूळ. म्हणून संस्थेत दूध थंड करायच्या कूलरच्या पाइपावरून जे पाणी ठिबकतं, ते सुनंदा कॅनमध्ये धरायची.

"वैनी, माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी माशा खाणाऱ्या झाडाला पाजता," दूध घालायला आलेला बाबूराव म्हणायचा. "दूध बी पितं का ते?"

"तुमचं न्हाई पाजणार. त्यात बोअरचं पाणी हाय."

मग तिच्या किडन्या गेल्या. ती अंबाजोगाईला दवाखान्यात, तिची धाकटी बहीण रेखा तिच्याजवळ. इकडे जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आम्ही कूलर बंद केला. मी परातीत टँकरचं पाणी ओतू लागलो. ती रोज फोनवर विचारायची, "कूलरचंच घालताय ना?" मी हो म्हणायचो.

झाडं मरायला हवी होती. मेली नाहीत, उलट फुलली. म्हणून एका सकाळी तिचा टीडीएस मीटर – पाण्यातले क्षार मोजायचा – परातीत बुडवला. शून्य. बादलीत बुडवला, आकडा चढतच गेला. रोज मी बादलीतलंच ओतायचो आणि रोज सकाळी परातीत शून्य. घरात मी एकटा, दाराला आतून कडी.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. चहा केला आणि संस्थेत गेलो.

सुनंदा गेली. तेरावं उरकल्यावर मीटर पुन्हा बुडवला – जितका बादलीत, तितकाच परातीत. थोड्याच दिवसांत झाडं काळी पडली.

रेखा परत निघताना म्हणाली, "दाजी, ताईला पाणी मोजून मिळायचं. तरी त्यातला अर्धा पेला रोज उशाशी ठेवायची. मी म्हणलं, कशाला ठेवतीस? तर म्हणे, झाडाला. घरी त्यांच्याकडं आता टँकरचंच हाय."

"मग त्या पाण्याचं काय व्हायचं?"

"सकाळी पेला रिकामा असायचा. मला वाटलं, रातच्याला पीत असंल."

कूलर बंद झाल्याचं मी तिकडे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, परातीत काय होत होतं – मला माहीत नाही. कुणी समजावून सांगितलं तरी आता काय करू... डॉक्टरांनी तिचं पाणी तोडलं होतं, आणि तहान किती लागते, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. ती झाडांचं विचारायची. मीही झाडांचंच सांगायचो.