पहिल्या नोंदीतली बाई

शहराच्या सदर भागातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता. संगणकाची सुटी कामं घेत मी तेव्हा ऑफिसं फिरत असे. दवाखान्याची मागणी साधी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला दर सहा महिन्यांनी तपासणीचं पत्र जायला हवं होतं. पेशंटची माहिती ॲक्सेस नावाच्या डेटाबेसमध्ये भरलेली होती, आणि पत्रं मात्र एक बाई वर्डमध्ये एकेक करून टाइप करत. पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मनगट दुखायचं, म्हणून पट्टा बांधून बसायच्या.

मी कोड लिहिला. एक बटण दाबलं की ॲक्सेस स्वतःच वर्ड उघडायचं, पत्राचा नमुना घ्यायचं, ठरवून दिलेल्या जागी नाव, पत्ता, वय, कोणता डोळा, सोबत कोणाला आणायचं हे भरायचं, छापायचं आणि पुढच्या पेशंटकडे वळायचं. वय जन्मतारखेवरून काढायची एक ओळ मी घातली होती, म्हणजे दर वर्षी कोणाला ते बदलत बसायला नको.

पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा बाई खुर्चीतून उठून दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर पत्र आपोआप उघडत होतं, अक्षरं उमटत होती, पत्र मिटत होतं. कीबोर्डला कोणाचा हात नव्हता. त्या म्हणाल्या, मला बघवत नाही, हे दिसणार नाही असं करता येईल का? करता येत होतं. एक शब्द बदलला की वर्ड पडद्यामागेच चालतं. मी तो बदलला. मग फक्त प्रिंटरमधून कागद येत राहायचे.

कधीकधी कोड मध्येच अडकायचा आणि तो न दिसणारा वर्ड तसाच चालू राहायचा. अशाच एका दुपारी बाईंनी नमुना उघडला, तर पडद्यावर सूचना आली की फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे. खाली माझं नाव होतं. मी त्यांच्या शेजारी चहा पीत उभा होतो. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या मशीनवर वर्ड मी माझ्या नावाने बसवलं होतं म्हणून तसं दिसतं, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी परत त्या टेबलाशी बसल्या नाहीत.

कोड तपासायला एक खोटी पेशंट लागते, तशी मी एक केली होती. पहिल्याच नंबरची नोंद. आमच्या विदर्भात प्रत्येक गल्लीत सापडेल असं बाईचं नाव, सुचलं ते आडनाव, वय साठीच्या अलीकडे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा बाकी. पत्ता शहराबाहेरच्या बेशाचा. तेव्हा तिकडे आखलेले प्लॉट, सिमेंटचे खुंट आणि बाभळी एवढंच होतं. रस्त्यावर एका लेआउटची पाटी पाहिली होती, ते नाव घेतलं आणि मनाला येईल तो प्लॉट नंबर टाकला. सोबतच्या नातेवाइकाच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं. नातं, मुलगा.

ती नोंद काढून टाकायची राहिली. खरं तर मी ती राहू दिली. पहिलं पत्र नीट छापलं की बाकीचीही नीट आहेत असं समजायचं, हे सोयीचं होतं. पाकिटं भरणारा ते पत्रही भरायचा. महिन्याभरात ते परत यायचं, वर पोस्टमनच्या अक्षरात ‘असा पत्ता नाही’. बाई ते पाकीट टेबलाच्या खणात टाकायच्या. चार-पाच वर्षं असंच चाललं.

एके दिवशी दवाखान्यात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. काम झाल्यावर बाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तुमची ती बेशाची बाई आता पत्र घेते.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी खण उघडून दाखवला. परत आलेली जुनी पाकिटं होती. गेल्या चार वेळची नव्हती. मी म्हटलं, पोस्टात गहाळ झाली असतील. सलग चारही? असं त्यांनी विचारलं. तरीही मी ती नोंद काढली नाही. काहून नाही काढली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माउस तिच्यावर नेला होता, एवढं आठवतं.

त्यानंतरच्या पत्राला उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड, निळी शाई, वळणदार अक्षर. बाईंनी फोन करून मला बोलावून घेतलं आणि कार्ड हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं: ‘आपली पत्रे वेळेवर मिळतात. मला एकटीला येता येत नाही. ज्या मुलाला सोबत आणायला सांगितले आहे तो अजून घरी आलेला नाही. कृपया त्याला पाठवावे.’ खाली सही नव्हती, अंगठा होता.

मी ते तीनदा वाचलं. भर उन्हाळ्यातली दुपार होती, कूलर चालू होता. बाई म्हणाल्या, “जाऊन या. तिनं बोलावलं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेशाला गेलो. बाभळी राहिल्या नव्हत्या. दोन-दोन मजली घरं, गेटाला तुळशीच्या कुंड्या, वर पाण्याच्या काळ्या टाक्या. मी मनाने टाकलेला नंबर एका फिकट हिरव्या घराच्या गेटवर रंगवलेला होता. त्या आकड्याकडे बघत मी बराच वेळ गाडीवरच बसून होतो.

गेट उघडायला चाळिशीची एक बाई आली. दवाखान्यातून आलो म्हटल्यावर ती हळू आवाजात भराभर बोलली. घर तिचं आणि नवऱ्याचं होतं. गावाकडची आई तिच्याकडे राहायची. पहिलं पत्र आलं तेव्हा नाव आईचंच होतं. आडनाव वेगळं होतं, पण कागदावर आडनाव चुकतंच, असं त्यांना वाटलं. गावातल्या शिबिरात आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतंच, तेव्हा पत्र तिथूनच आलं असणार. अडचण मुलाची होती. तिचा भाऊ वीस वर्षांपूर्वी ट्रकवर क्लीनर म्हणून रायपूरकडे गेला, तो परत आला नाही. पत्रातलं नाव त्याचं नव्हतं. पण बाहेर गेलेला माणूस नाव बदलतो, असं आईने मनाशी धरलं होतं. कुठेतरी बसून तोच हे लिहायला लावतो आणि एक दिवस न्यायला येईल. कार्ड मुलीनेच लिहिलं होतं, आईच्या हट्टापायी.

“ते कागद आल्यापासून आई रडत नाही,” ती म्हणाली. “आता तुम्हीच सांगा तिले काय ते.”

आतल्या खोलीत म्हातारी पलंगावर बसली होती. साडीच्या दुकानाची एक पिशवी मांडीवर. मुलीने दवाखान्यातून माणूस आला आहे असं सांगितल्यावर तिने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. खोटं सांगायचं सुचलंच नाही.

ती मान जराशी वळवून उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहू लागली. मग म्हणाली, “आला का गा? काहून इतके दिवस लावले?”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तिचं नाव मी मनाने लिहिलं होतं, पत्ताही मनाने, मुलगा म्हणून माझं नाव फक्त तपासायला टाकलं होतं. पत्रं माणूस लिहीत नाही, मशीन लिहिते. माझं बोलणं संपल्यावर तिने पिशवीतून पत्रं काढली. तारखेप्रमाणे लावलेली. वाचता येत नव्हतं, पण एकावर हात ठेवून तिने सगळं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. वर छापलेल्या फाइल नंबरपासून ‘आम्ही आपली वाट पाहत आहोत’पर्यंत. ती शेवटची ओळ टाइपिंगच्या बाईंनी सुचवली होती, पत्र कोरडं वाटतं म्हणून. माझाच नमुना मी कोणाच्या तोंडून असा कधी ऐकला नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग ती म्हणाली, “याच्यात माह्यं वय लिहून येते. दरसाल एकानं वाढते. बराबर वाढते. कोणीतरी मोजूनच राहिलं ना?”

वय काढायची ती एक ओळ मी एका दुपारी पाच मिनिटांत लिहिली होती, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

तिचा डावा डोळा पार झाकोळला होता. मी डॉक्टरांशी बोललो, त्यांनी लगेच आणा म्हटलं. नवीन नोंद करू, असं मी दवाखान्यातल्या बाईंना सुचवलं, तर त्या म्हणाल्या, हिची फाइल आहेच की, आणि सगळं तंतोतंत जुळतं. आडनाव तेवढं दुरुस्त केलं.

ऑपरेशनच्या दिवशी मुलीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच म्हातारीला रिक्षाने घेऊन गेलो. नर्सने संमतीचा कागद पुढे केला. तोही माझ्याच कोडने भरलेला. नातेवाइकाच्या जागी माझं नाव, पुढे ‘मुलगा’. मी म्हटलं, हे चुकीचं आहे, मुलीला फोन करू या. नर्स म्हणाली, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. म्हातारी चाकाच्या खुर्चीवर हिरवा गाऊन घालून बसली होती, समोरच्या भिंतीकडे बघत. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी सही केली. त्या दुपारी बाहेरच्या बाकावर बसून मी रायपूरच्या रस्त्यावरच्या, कधी न पाहिलेल्या एका माणसाचा विचार करत होतो. त्याच्या जागी सही करणाऱ्याचा त्याला राग येईल का, असं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मुलगी आली होती, मीही होतो. डॉक्टरांनी बोटं दाखवली, म्हातारीने बरोबर मोजली. मग तिने खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन थांबली. दोन्ही डोळ्यांनी. बराच वेळ.

“नाही,” ती मुलीला म्हणाली. “तो काळा होता.”

आवाजात दुःख नव्हतं, रागही नव्हता. दुकानात दाखवलेलं कापड नको म्हणावं, तसं. मुलीने माझी माफी मागितली. मी म्हटलं, त्यात काय.

तपासणीची पत्रं त्यानंतरही तिला गेली, आता खऱ्या आडनावाने, नातेवाईक म्हणून मुलीच्या नावाने. ती तपासणीला येऊन जायची, असं बाई सांगत. त्या निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात म्हातारी पुन्हा आली होती. डोळे ठीक होते. तिने एकच विचारलं, आधीची पत्रं पाठवायचा तो माणूस आता कुठे लिहितो.

बाईंनी तिला माझा नंबर दिला नाही. मी देऊ नका म्हटलेलं नव्हतं. त्यांनी का दिला नाही, ते मी त्यांना विचारलं नाही.